मोठ्या प्रसंगाला डोळे कोरडे, उष्ट्या सँडविचला मात्र हुंदके. असं तुमचंही होतं का?

उशीखालचा_रिमोट:

(स्पॉयलर भरपूर आहेत. 'द पिट'चा पहिला सीझन, 'ॲडोलसन्स' आणि 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' बघायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा. नंतर शिव्या घालायच्या नाहीत.)

'द पिट' (अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाची मालिका) मी जरा उशिराच सुरू केलं. पंधरा भाग, एकेका भागात ड्यूटीचा एकेक तास, सकाळी सातपासून. रोज एकच भाग बघायचा असं ठरवलं होतं आणि नवव्यापर्यंत पाळलंही. नवव्याच्या शेवटी मुख्य नर्स डेना सिगारेट ओढायला बाहेर जाते, आणि सकाळपासून वेटिंगमध्ये कुरकुरत बसलेला तो माणूस येऊन तिच्या तोंडावर ठोसा मारतो. तिथे माझा नियम मोडला. उरलेले सहा भाग एका बैठकीत, पहाटे चारपर्यंत.

आता प्रश्नाकडे येते. त्या सहा भागांत काय नाही? संगीत महोत्सवात गोळीबार होतो, जखमींची रीघ लागते, मनगटावर रंगीत पट्ट्या बांधून कुणाला आधी घ्यायचं ते ठरवतात. डॉक्टर ॲबट स्वतःच्या पायाला पिशवी बांधून रक्त देतो आणि त्याच वेळी पेशंटही बघतो. मुख्य डॉक्टर रॉबीने मुलासारखा मानलेल्या पोराची मैत्रीण लिया जाते. रॉबी त्या लहान मुलांच्या खोलीत, भिंतीवर प्राणी रंगवलेले आणि खाली प्रेतं ठेवलेली, कोसळून पडतो. आणि मी? मी ढिम्म. थरारले, श्वास रोखून बघितलं, सगळं मान्य. पण डोळ्यांत टिपूस नाही.

त्याच आठवड्यात 'ॲडोलसन्स'चा तिसरा भाग बघितला. शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेला तेरा वर्षांचा जेमी आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसतज्ञ ब्रायनी. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते आणि स्वतःच्या सँडविचचा अर्धा तुकडा देते. त्यातलं पिकल त्याला आवडत नाही, तरी तो एक घास खातो. पुढे आरडाओरडा होतो, कप भिरकावला जातो, शेवटी 'मी तुला थोडा तरी आवडतो का' म्हणून ओरडणाऱ्या पोराला ओढत नेतात. तोवरही मी ठीक होते. मग ती एकटी उरते, टेबल आवरायला लागते, हात सँडविचकडे जातो. त्यावर दातांचा अर्धगोल. ती हात मागे घेते. आणि मी असं रडले की शेजारी झोपलेला नवरा उठून विचारतो, कोण गेलं?

'टँजरिन्स' या कोरियन मालिकेचंही तेच. वादळात नायक-नायिकेचं धाकटं पोर जातं तो भाग बघून सगळं जग रडलं, मी नाही रडले. पण त्याआधी नायक ग्वान-शिकच्या घरी पुरुष एका टेबलावर आणि बायका वेगळ्या टेबलावर जेवत असतात, तेव्हा तो नुसता वळतो, घरच्या पुरुषांकडे पाठ करून बायकोसमोर जेवायला बसतो. एवढंच. तिथे मला पॉझ करावं लागलं.

मी दगड आहे, की माझं काहीतरी उलटं जोडलंय?

तिसरी_घंटा:

दगड नाही हो, तुम्ही आदर्श प्रेक्षक आहात!

मी बरीच वर्षं हौशी नाटकं बसवली आहेत. आमचे एक सर तालमीत म्हणायचे, "तूच सगळं रडून घेतलंस तर खाली बसलेल्यांनी काय करायचं?" पोर गेल्यावर आई-बाप पडद्यावर ऊर फोडून रडतात, तुमच्या वाटचं तेच रडून टाकतात. ब्रायनी रडत नाही, निदान ज्या क्षणी तुम्हाला हुंदका आला तेव्हा तरी नाही. ती टेबल आवरते. आवरण्यातून तिला जे झाकायचंय ते तुम्ही उघडं केलंत.

आणखी एक. 'द पिट'मध्ये पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, लक्षात आलं का? यंत्रांची पीपपीप, चाकांचा आवाज, माणसांची बोलणी, बस. एरवी व्हायोलिन खांद्यावर हात ठेवून सांगतं की आता रडायची वेळ झाली. इथे कुणी सांगत नाही, म्हणून तुम्ही कामाला लागलेल्या माणसासारख्या नुसत्या बघत राहिलात. ते दगड असणं नव्हे.

'ॲडोलसन्स'बद्दल तर मी तासभर बोलू शकतो. चारही भाग एकेका सलग शॉटमध्ये आहेत, मध्ये कट नाही. तिसरा भाग चित्रीकरणात सगळ्यात आधी झाला, आणि जेमी झालेल्या ओवेन कूपरचं तर कॅमेऱ्यासमोरचं ते पहिलंच काम. आपण बघतो तो अकरावा टेक. त्यात तो मधेच जांभई देतो ना? ती लिहिलेली नव्हती, पोराला खरंच आली. समोरच्या एरिन डोहर्टीने (म्हणजे ब्रायनीने) तिथल्या तिथे 'मी कंटाळा आणतेय का' या अर्थाचं काहीतरी विचारलं, आणि तो हसला. ते हसू बघा परत. त्या एका हसण्यात जेमी साधा शाळकरी पोरगा होतो, आणि म्हणून पुढे भीती वाटते. त्याला पंधराव्या वर्षी एमी (अमेरिकी टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळाली याचं मला काडीचं आश्चर्य वाटलं नाही.

गप्प_वाचक:

शीर्षकातच सँडविच! माझा तिसरा भाग बघायचा राहिला होता. धन्यवाद 🙏

बँडपथक_७६_मिनिटं:

मी जरा वेगळा सूर लावतो. रडणं हे मोजमाप कशाला? 'सेव्हरन्स'च्या (ऑफिसात माणसाचं वेगळंच 'आतलं' मन जागं होतं आणि दाराबाहेर पडलं की विझतं, ती मालिका) दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग बघताना मी एकदाही रडलो नाही, पण उभा राहून टीव्हीवर ओरडत होतो. बाहेरच्या मार्कची बायको जेमा दाराच्या पलीकडे आहे, काच बडवतेय, एक पाऊल टाकलं की मार्कची सुटका. आणि तो वळतो, ऑफिसातल्या प्रेयसीचा, हेलीचा हात धरतो आणि पळत सुटतो. आमच्या घरात दोन तट पडले. बायको म्हणाली बरोबर केलं, आतला मार्क पण माणूसच आहे, दाराबाहेर गेला असता तर त्याचं अस्तित्वच संपलं असतं. मी म्हटलं, अगं पण ती काच बडवतेय! दोन दिवस हा वाद चालला. रडलो असतो तर रुमाल धुवायला टाकून विसरलो असतो.

(आणि हो, पहिला सीझन संपला ८ एप्रिल २०२२ ला, दुसरा सुरू झाला १७ जानेवारी २०२५ ला. एवढं थांबलेल्या माणसाला ओरडायचा हक्क आहे.)

रिमोटताई, तुमचा घोळ मला साधा वाटतो. तुम्ही 'द पिट'चे दहा ते पंधरा हे भाग एका रात्रीत बघितलेत. बघणाऱ्यांना ते २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये आठवड्याला एक असे मिळत होते. बाराव्या भागानंतर सात दिवस माणसं तडफडली, लिया वाचेल का म्हणून पैजा लावल्या. तुम्ही मात्र पुढचा भाग आपोआप सुरू होईपर्यंतचे काही सेकंद थांबलात. बधिर नाही होणार तर काय? सँडविचनंतर लगेच चौथा भाग लावलात का? नाही ना? तेच.

रात्रपाळी:

मी आपत्कालीन विभागात नर्स आहे, त्यामुळे राहवलं नाही.

आम्हीही तेव्हा रडत नाही. कधीच नाही. हात चालू असतात. मग घरी जाऊन युनिफॉर्मचा खिसा रिकामा करताना कुणाच्या तरी नावाची चिकटपट्टी निघते आणि तिथे बांध फुटतो. म्हणून तुमचं वाचून मला काही वेगळं वाटलं नाही. डेना ठोसा खाऊनसुद्धा ड्यूटी पुरी करते, हे बघून माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, अतिशयोक्ती आहे. मी म्हटलं, तुमच्या नशिबाने.

बाकी त्या मालिकेत मला सगळ्यात खरं काय वाटलं सांगू? शिकाऊ डॉक्टर व्हिटेकरचे कपडे. बिचारा दिवसभर कशाने ना कशाने भिजतो आणि पुन्हा बदलायला जातो. पहिल्या वर्षी माझं अगदी हेच झालं होतं.

उशीखालचा_रिमोट:

सगळ्यांचे आभार. गप्प_वाचक, तुमची मात्र मनापासून माफी. कंसात इशारा दिला आणि शीर्षकातच माती खाल्ली.

बँडवाले, बैठकीचा मुद्दा पटला, पण अर्धाच. 'टँजरिन्स' मी सावकाश बघितलं होतं.

रात्रपाळी, तुमचा खिसा वाचल्यापासून डोक्यात एक गोष्ट फिरतेय. 'द पिट'च्या सुरुवातीच्या भागांत ते म्हातारे स्पेन्सर आहेत ना? श्वासाची नळी घालू नका असं त्यांनी लिहून ठेवलेलं असतं, तरी मुलगा-मुलगी ऐकत नाहीत, मग हळूहळू मान्य करतात. चौथ्या भागात रॉबी त्यांना जाणाऱ्या माणसाशी बोलायच्या चार गोष्टी शिकवतो, प्रेम आहे, आभार, माफ केलं, माफ कर. हा भाग मी 'बघितला' असं वर म्हटलं, पण खरं सांगायचं तर हातात मोबाइल घेऊन, आवाज बारीक करून बघितला होता. आमच्या बाबांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. नळी घाला असं मी म्हणाले होते, भाऊ नको म्हणत होता. नऊ दिवस. नंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

काल तो भाग नीट बघितला. आवाज मोठा करून. बघून झाल्यावर दादाला मेसेज केला, जमलं तर बघ म्हणून. त्याने आज दुपारी बघितला. उत्तर एका ओळीचं आलं: "त्या रात्री तू बाबांचा दुसरा पायमोजा शोधत फिरत होतीस, आठवतं का?"

मला अजिबात आठवत नव्हतं. आता आठवतंय. राखाडी होता.

सँडविचचा प्रसंगही मघाशी परत लावून बघितला. या वेळी काहीच झालं नाही. जांभई मात्र सापडली, घंटावाले. हसतो खरा पोरगा.