‘पासंग’ म्हणजे नेमकं काय?

लिफ्टवाला_ठाणे: मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. पलीकडच्या बाजूने खालीवर होणाऱ्या वजनाला आम्ही नुसतं ‘काउंटर’ म्हणतो. एका सोसायटीतले वॉचमनकाका त्याला ‘पासंग’ म्हणाले. मला तर ‘पासंगालाही पुरणार नाही’ एवढंच माहीत. शब्द बरोबर आहे का? आला कुठून?

बार्शीकर: आमचं किराणा दुकान, त्यामुळे हा शब्द घरातलाच. शब्द फारसी; त्यातला ‘संग’ म्हणजे दगड, संगमरवरातला तोच. रिकाम्या तराजूचं एक पारडं खाली झुकत असेल तर वरच्या पारड्याला खडा, तार, वाळूची पुरचुंडी असं काहीतरी बांधायचं. तो पासंग. त्याची काही किंमत नसते, म्हणून तर ज्याची पासंग होण्याइतकीही लायकी नाही त्याला तुम्ही म्हणता ते ऐकवायचं.

‘धडा’ वेगळा. तेलाला गिऱ्हाइकाने बरणी आणली की आधी दुसऱ्या पारड्यात बरणीइतकं वजन टाकायचं, मग तेल ओतायचं. याला धडा करणं म्हणतात. संस्कृतात ‘धट’ म्हणजे तराजू, त्याच कुळातला हा. शाळेतल्या धड्याशी गल्लत नको.

आणि पासंग लावून काटा मारणारेही असत! दांडीची एक बाजू किंचित लांब ठेवायची आणि आखूड बाजूला पासंग लावायचा. रिकामा तराजू अगदी सरळ दिसतो, माल चढला की खोटं बोलतो. वडील दुसऱ्याकडून माल घेताना वजन आणि माल यांची पारडी बदलून बघायचे. समोरच्याचा चेहराच सांगायचा.

लिफ्टवाला_ठाणे: मग आमच्या काउंटरला पासंग म्हणणं जरा अन्यायच. रिकाम्या केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या ४० ते ५० टक्के, एवढं ते असतं. आठ माणसांच्या, ५४४ किलोच्या लिफ्टला केबिनपेक्षा साधारण अडीचशे किलो जास्त धरा. म्हणून रिकामी लिफ्ट ब्रेक सोडला की वर पळते. लोकांना वाटतं खाली पडेल.

मृ_कोथरूड: @बार्शीकर, म्हणजे मिठाईवाला खोका ठेवून काटा शून्यावर आणतो तो धडाच ना?

बार्शीकर: हो ताई, धडाच. फक्त शून्य केलं की नाही ते पेढे घालायच्या आधी बघा. नाहीतर पुठ्ठाही पेढ्याच्या भावाने घरी येतो.