१२०० चा तक्ता बोर्डावरून काढा

बी-३०४: सचिवसाहेब, लिफ्टशेजारच्या बोर्डावरचा तो वजन उतरवायचा, दिवसाला १२०० कॅलरीचा आहारतक्ता आजच्या आज काढा. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने त्याचा फोटो काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. काल संध्याकाळी खेळता खेळता तिला चक्कर आली, तेव्हा मला कळलं.

सचिव: ताई, आता कशी आहे ती? तक्ता कमिटीचा नाही. ए-७०१ सरांना परवानगी दिली होती ती चालण्याच्या उपक्रमाच्या पत्रकाची.

ए-७०१: तक्ता फक्त मोठ्यांसाठी आहे, खाली लिहिलंय तसं. योगवर्गाच्या वेळीही हेच झालं होतं. कोणी पुढे होऊन काही करायला गेलं की तक्रारी तयारच.

बी-३०४: खाली म्हणजे कुठे? मुंगीएवढ्या अक्षरांत? आणि योगवर्गाचा विषय कशाला उकरून काढताय सर?

डी-४०२: कॅलरीबिलरी काही मोजू नका. साखर बंद करा, वजन आपोआप उतरतं. 🙏

सी-२०१: ताई, मुलीला आज नीट पोटभर जेवू द्या. चक्कर पुन्हा आली तर डॉक्टरांना दाखवाच. वाढीच्या वयात स्वतःच्या मनाने जेवण कापायचं नसतं, हाडं, उंची, पाळी सगळ्यावर परिणाम होतो. आणि तिला रागावू नका. ती पाहून शिकलीय, हट्टाने नाही.

बी-३०४: नाही रागावले. तुम्ही आहारतज्ज्ञ आहात म्हणून विचारते, हा १२०० आकडा येतो तरी कुठून?

सी-२०१: सरसकट सगळ्यांना लागू पडेल असा तो आकडाच नाही. सर, राग मानू नका. हिशेब असा करतात: वजन (किलो) गुणिले १०, त्यात उंची (सेंमी) गुणिले ६.२५ मिळवा, त्यातून वय गुणिले ५ वजा करा. पुरुषांनी वर ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे. नुसतं पडून राहिलं तरी शरीर जेवढं जाळतं तेवढा हा आकडा. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र म्हणतात, १९९० चं आहे. दिवसभर बसून काम असेल तर उत्तराला १.२ ने गुणा, थोडंफार चालणंफिरणं असेल तर १.३७५ ने. येईल ती दिवसाची एकूण गरज.

सी-२०३: आज गणिताचा तास आहे का? गृहपाठ कधी तपासणार? 😄

ए-१०५: तपासा नंतर. आधी क्लबरूममधला वजनकाटा कोणी नेलाय ते सांगा. तिसऱ्यांदा विचारतोय.

सी-२०१: समजा ९० किलो, १७५ सेंमी, ३५ वर्षांचा, थोडं चालणारा पुरुष. साधारण २५०० येतात. त्याला १२०० वर बसवलं तर निम्म्याहून कमी खाणं झालं. ७० किलो, १६० सेंमी, ४० वर्षांची, तेवढंच चालणारी बाई घ्या, तिचे साधारण १८४० येतात. दोघांना एकच तक्ता कसा द्यायचा?

डी-४०२: एवढी आकडेमोड कशाला? साखर बंद करा. 🙏

सी-२०१: काका, साखर कमी केलीत तर चांगलंच आहे. पण एक छोटा चमचा साखर म्हणजे साधारण १६ कॅलरी आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे १२०. साखर सोडून पातेल्यात तेलाची धार तशीच राहिली तर वजन कसं हलणार? एक ग्रॅम पिष्टमय पदार्थात ४, प्रथिनांत ४, स्निग्ध पदार्थांत ९. एवढं पाठ झालं तरी पुष्कळ आहे.

डी-४०२: आमच्या वेळी कोणी काटे घेऊन जेवायला बसत नव्हतं.

सी-२०३: काका, काटा आहेच कुठे? तोच तर गायब आहे.

ए-१०५: विनोद नको, नाव सांगा.

बी-१०४: मॅडम, मी महिनाभर सगळं लिहितोय. ॲप १५०० दाखवतं, पण वजन तसूभर हलत नाही. माझी चयापचय क्रियाच मंद असेल.

सी-२०१: दादा, आधी नोंद तपासू. तांदूळ कच्चा मोजता की शिजवून? कच्चा १०० ग्रॅम म्हणजे साधारण ३६० कॅलरी आणि शिजलेला १०० ग्रॅम म्हणजे साधारण १३०. कच्चा तोलून ॲपमध्ये ‘शिजलेला भात’ निवडलात की दोन तृतीयांश कॅलरी नोंदीतून गेल्याच. १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ‘आम्ही १२०० पेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांना त्यात तपासलं. त्यांची चयापचय क्रिया ठीक होती. खाणं मात्र ते जवळपास निम्मंच सांगत होते, आणि खोटं बोलत होते असंही नाही. डोळ्यांना अंदाज येत नाही, एवढंच.

बी-१०४: आणि तेल? ते तर चमच्याने मोजतच नाही, बाटलीतून थेट पातेल्यात.

सी-२०१: चमचा नकोच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटली ठेवून शून्य करा. तेल ओता, बाटली परत ठेवा. उणे जो आकडा येईल तेवढे ग्रॅम तेल गेलं. त्याला ९ ने गुणा. आणि मनगटावरचं घड्याळ चालल्याच्या कॅलरी दाखवतं त्या जेवणात परत घेऊ नका. १.३७५ ने गुणलंत तेव्हा चालणं हिशेबात आलेलं आहे.

ए-७०१: मग लोकांनी लक्ष्य ठेवायचं तरी काय? टीका सोपी असते.

सी-२०१: टीका नाही सर, तुम्ही लोकांना चालायला लावलंत त्याचं कौतुकच आहे. एकूण गरजेतून ३०० ते ५०० कमी करायचे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणून ५०० कमी केले तर सुरुवातीला आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत-बाहेर. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला लागतंही कमी. प्रथिनं मात्र कापू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

ए-६०३: माझं काल एका रात्रीत किलोभर वाढलं! सोडून देऊ का?

सी-२०१: सोडू नका. ते पाणी आहे. खारट जेवण झालं की पाणी साठतं, पिष्टमय पदार्थ जास्त झाले तरी साठतं. रोज सकाळी वजन करा, पण आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडा. बाकी चढउतार सोडून द्या.

डी-१०२: अगं, मलाही करायचंय. पण इन्सुलिन चालू आहे.

सी-२०१: काकू, तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घासही कमी करू नका. खाणं कमी आणि औषध तेवढंच राहिलं तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही हा उद्योग करू नये. खाण्याशी ज्यांचं आधीच भांडण झालंय त्यांनी तर मोजूच नये.

डी-४०२: म्हणूनच सांगतो, साखर बंद करा. 🙏

सचिव: काका, पोहोचला निरोप. ए-७०१ सर, तक्त्याचं काय?

ए-७०१: काढलाय. चालण्याचं पत्रक ठेवलंय. त्यालाही कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.

बी-३०४: त्याला हरकत नाही. धन्यवाद.

बी-१०४: मॅडम, तुम्ही सांगितलंत तसं तेल मोजलं. उणे ३१.

सी-२०१: म्हणजे साधारण २८० कॅलरी. जेवायला किती जण?

बी-१०४: दोघंच.

सी-२०१: मग तुमच्या वाट्याचे १४० आजच्या नोंदीत घाला. उद्या १५ ग्रॅममध्ये करून बघा.