'आकृतिबंध' म्हणजेच 'मनुष्यबळ नियोजन' का?

धरमपेठहून : एका रुग्णालयाच्या अहवालाचा अनुवाद करते आहे. येत्या पाच वर्षांत किती परिचारिका लागतील, याचा अंदाज बांधण्याच्या पद्धती त्यात दिल्या आहेत. 'वर्कफोर्स प्लॅनिंग'साठी मी 'आकृतिबंध निश्चिती' लिहिले होते. तपासनिसांनी ते खोडून 'मनुष्यबळ नियोजन' केले. इथे नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेऱ्यांत तर आकृतिबंध हा शब्द रोज कानावर पडतो. मग माझे चुकले कुठे?

महालहून : ताई, तपासनिसांचे बरोबर आहे. आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा तक्ता. कोणत्या संवर्गात, म्हणजे एकाच दर्जाच्या पदांच्या गटात, किती पदे, एवढेच तो सांगतो. त्या पदांवरची माणसे केव्हा निवृत्त होतील, कोणाला बढती मिळेल, कोण राजीनामा देईल, हे त्यात नसते. समजा, १०० कनिष्ठ लिपिकांपैकी दरवर्षी १० टक्के वरिष्ठ होतात आणि ५ टक्के नोकरी सोडतात. भरती झालीच नाही, तर वर्षअखेर ८५ उरतील आणि पुढच्या वर्षअखेर सुमारे ७२. मार्कोव्ह साखळी ही अंदाज बांधण्याची गणिती पद्धत प्रत्येक संवर्गासाठी हाच हिशेब मांडते. आकृतिबंधात मात्र १०० हा आकडा जसाच्या तसा राहतो.

सक्करदऱ्याहून : काकांनी पुरवठ्याची बाजू सांगितली, पण परिचारिकांच्या बाबतीत मागणी आधी मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत कामाच्या भारावरून चालते : प्रत्येक कामाला लागणारा वेळ काढायचा आणि रजा-सुट्ट्या वजा जाता एका व्यक्तीचे वर्षाला जेवढे तास हाती उरतात, त्यांच्याशी तो ताडून पाहायचा. आम्हा शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, याहून ढोबळ असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या पटावर ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, ६१ झाली की तीन. राहता राहिला 'मनुष्यबळ' हा शब्द. माणसांना बळ म्हणून मोजणे मला पटत नाही. 'कर्मचारी नियोजन' म्हणावे.

खामल्याहून : केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे नाव २०२० मध्ये बदलले, तरी शब्द टिकलाच ना? रुळलेला शब्द उखडू नये. माझा आक्षेप 'आकृतिबंधा'लाच आहे. तो कवितेच्या समीक्षेतला शब्द. पदांच्या तक्त्याला तो कोणी लावला?

महालहून : आकृती म्हणजे रचना आणि बंध म्हणजे बांधणी. कार्यालयाचीही बांधणी असतेच, तेव्हा त्यावर समीक्षकांनीच हक्क का सांगावा?

खामल्याहून : मग 'पदरचना' म्हणा. अर्थ तोच आणि शब्द सोपा.

सक्करदऱ्याहून : व्याकरण शिकवणाऱ्याला 'पदरचना' वाचून शब्दांची घडण आठवेल, त्याचे काय?