'इंजेक्टेबल जेल'ला मराठीत काय म्हणायचं?

म्हादईकाठ: गावातल्या दंत शिबिराचं माहितीपत्रक मराठीत करतेय. पायोरियावर हिरडीत जे इंजेक्टेबल जेल देतात त्याला 'टोचायचं जेल' लिहिलं, तर वहिनी म्हणते हे वाचून कोण येणार शिबिराला, आणि जेल म्हणजे तुरुंगच वाटतो. काय लिहू?

दंतवैद्य_फोंडा: टोचायचं नकोच, यात हिरडीला सुई टोचतच नाहीत. दात नि हिरडीमधली फट निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर असते, पायोरियात ती खोल होते, तेच पॉकेट. आधी स्केलिंग करून, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडून, मुळं साफ करायची आणि मग सिरिंजला बोथट नळी लावून पॉकेटात औषध सोडायचं. १० टक्के डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचं जेल तिथल्या ओलाव्याने घट्ट होतं नि आठवडाभर थोडं थोडं सुटत राहतं. चूळ भरायचं औषध इतकं खोल पोचत नाही, आणि पातळ औषध आत घातलं तरी हिरडीतून झिरपणारा द्रव ते धुऊन नेतो. 'भरायचं जेल' लिहा.

जुनी_पाटी: भरायचं म्हटलं की दात भरणंच डोळ्यापुढे येतं. 'सोडायचं' बरं, डोळ्यात नाकात सोडतो तसं. आणि जेलऐवजी लेप का नको?

दंतवैद्य_फोंडा: लेप वरून लावतात हो. यातली पोलॉक्झामर नावाचं पॉलिमर घातलेली जेलं तर थंड असताना पातळ आणि अंगाच्या उबेने घट्ट, खोबरेलाच्या बरोब्बर उलट. त्याला लेप कसं म्हणणार?

पेडण्याचा: हिरडी शब्द हिरड्यावरूनच आलाय. आमची आजी हिरडी सुजली की हिरडा उगाळून लावायची.

जुनी_पाटी: हिरडा आला हरीतकीवरून. हिरडीचा त्याच्याशी संबंध आहे याला पुरावा काय, नुसता उच्चार जुळतो म्हणून?

पेडण्याचा: कोशात नाही म्हणजे आजीचं खोटं? त्रिफळ्यात हिरडा आहेच ना, त्याच्या चुळा अजून भरतात लोक.

जुनी_पाटी: चुळा भरा, पण त्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

काजूची_बी: पत्रकात परिदंतविकार वगैरे मात्र घालू नका. बांबोळीच्या डेंटल कॉलेजात केसपेपरच्या रांगेत उभं राहून ऐका, सगळे पायोरियाच म्हणतात.

जुनी_पाटी: शब्द छापलाच नाही तर लोकांच्या तोंडी बसणार कसा? पायोरिया पण बाहेरूनच आलाय, तो बसलाच ना.

म्हादईकाठ: बरं पण पॉकेटला काय, खिसा?

काजूची_बी: खिसा नको गं, आमच्याकडे घरात बोल्स म्हणतात त्याला, शर्टाचाच आठवतो.

पेडण्याचा: हिरड्याचं मी सोडत नाही, गावातल्या वैद्यांना विचारून सांगतो.