४० यार्डांची वेळ आणि रिसीव्हरची पारख
अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) निवडताना ४० यार्डांच्या धावेची वेळ हीच पहिली चाळणी असावी, हे मत मला अर्धेच पटते. अगदी संथ खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये टिकत नाही हे खरे, पण त्यापुढे सेकंदाच्या शतांशांवरून क्रम लावणे धोक्याचे आहे. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने महाविद्यालयीन खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) जॉन रॉसला सिनसिनाटीच्या संघाने नवव्या क्रमांकावर घेतले, कारण इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टपूर्वीच्या शारीरिक चाचण्यांमध्ये) त्याने ४.२२ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला होता. पहिल्या हंगामात मात्र त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही (दुखापतींचा त्यात वाटा होता, हे नोंदवायलाच हवे). त्याच कम्बाइनमध्ये ४.६२ सेकंद घेणारा ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाचा रिसीव्हर कूपर कप ६९ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला आणि २०२१ च्या हंगामात त्याने १४५ झेल घेत १,९४७ यार्ड मिळवले.

म्हणून महाविद्यालयीन सामन्यांच्या चित्रफिती पाहताना मी आता चेंडूकडे लक्षच देत नाही. रिसीव्हर वळण्याआधी कंबर किती खाली आणतो, पूर्ण वेगातून किती पावलांत थांबतो आणि समोरचा बचावपटू नेमका कोणत्या क्षणी चुकीच्या पायावर सापडतो, एवढेच मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहतो.