रिचर्ड बोना यांचा ‘हेरिटेज’ : यात आफ्रिका नेमकी कुठे ऐकायची?

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. कॅमेरूनचे बेसवादक रिचर्ड बोना यांचा २०१६ सालचा ‘हेरिटेज’ हा अल्बम सध्या ऐकतो आहे. जॅझमधले कीबोर्डवादक जो झाविनुल यांच्या साथीला वाजवणारे आणि पॅट मेथेनी ग्रुप या जॅझ बँडच्या ‘स्पीकिंग ऑफ नाऊ’मध्ये गाणारे बोना माझ्या परिचयाचे होते, पण इथे ते ‘मांडेकान कुबानो’ नावाचा वेगळाच वाद्यवृंद घेऊन आले आहेत. पियानोवर क्यूबाचे ओस्मानी परेदेस आहेत, तालवाद्यांवर लुईसितो किंतेरो आणि रोबेर्तो किंतेरो, शिवाय ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. माझी अडचण अशी की पियानो, काँगा (हाताने वाजवायचे उभे क्यूबन ढोल) आणि पितळी वाद्ये यांचा थाट इतका क्यूबन आहे की गाण्यातली डुआला भाषा बाजूला काढली, तर आफ्रिकेचे म्हणून काय उरते ते मला सांगता येत नाही. हा खरोखर दोन परंपरांचा मेळ आहे, की तयार क्यूबन साच्यात बसवलेला एक उत्तम आफ्रिकन गळा? आणि बेस ऐकताना लक्ष नेमके कशाकडे द्यावे? मला मात्रा मोजता येतात, त्यामुळे तांत्रिक उत्तर दिलेत तरी चालेल.

जुनी तबकडी
आपल्या प्रश्नात क्यूबा एकीकडे आणि आफ्रिका दुसरीकडे अशी वाटणी गृहीत धरलेली आहे आणि इतिहासात नेमकी तीच टिकत नाही. क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत चालली. तिथे नेलेल्या लोकांत पश्चिम आफ्रिकेतले योरुबा होते, कोंगो प्रदेशातले बांटू भाषा बोलणारे होते आणि क्यूबात ज्यांना काराबाली म्हणत ते क्रॉस नदीच्या खोऱ्यातले लोकही होते. हे खोरे आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेवर येते, म्हणजे बोना यांच्या देशाच्या अगदी उंबरठ्यावर. या काराबालींनी आपल्या मुलखातल्या बिबट्याला मानणाऱ्या मंडळांच्या धर्तीवर १८३६ मध्ये हवानाच्या खाडीपलीकडे रेग्ला येथे ‘अबाकुआ’ हे पुरुषांचे गुप्त मंडळ स्थापन केले आणि त्यांचे ढोल व पठणे पुढे रुंबा या क्यूबन नाच-गाण्याच्या प्रकारात मुरली. काँगावादक चानो पोसो हे अबाकुआचेच सभासद. १९४७ मध्ये ते अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांच्या बँडमध्ये आले आणि ‘क्यूबाना बी, क्यूबाना बॉप’मध्ये त्यांनी ती पठणे थेट न्यूयॉर्कच्या जॅझमध्ये आणून ठेवली.

यानंतरची उलटी वाट मला अधिक रंजक वाटते. १९३३ पासून ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ‘जी. व्ही.’ मालिकेतल्या क्यूबन तबकड्या आफ्रिकेत विकल्या जाऊ लागल्या आणि काँगो नदीकाठच्या शहरांत त्या विशेष उचलल्या गेल्या. तिथल्या वादकांनी क्यूबन पियानोचे काम गिटारवर आणले आणि स्वतःची रुंबा उभी केली. काँगोचे गायक ग्रां काले आणि त्यांचा ‘आफ्रिकन जॅझ’ हा वाद्यवृंद यांचे १९६० सालचे ‘इंडिपेंडन्स चा चा’ ऐकलेत, तर मी काय म्हणतो ते लगेच लक्षात येईल. याच काले यांच्याबरोबर काही काळ वाजवणारे सॅक्सोफोनवादक मानू दिबांगो हे मूळचे कॅमेरूनमधल्या डुआला शहराचे. मालीने तर १९६४ मध्ये आपले तरुण वादक शिक्षणासाठी हवानाला धाडले आणि त्यांतून ‘लास मारावियास दे माली’ हा वाद्यवृंद जन्माला आला. सांगायचे एवढेच की १९६७ मध्ये जन्मलेल्या बोना यांच्यासारख्या कॅमेरूनी वादकाला क्यूबन ठेका परदेशातून शिकून आणावा लागला असेल, असे मानण्याचे कारण नाही.

खर्जवाला
इतिहास वर सविस्तर आला आहे, म्हणून मी फक्त बेसपुरते लिहितो. क्यूबन संगीताचा कणा म्हणजे क्लावे, म्हणजे सतत फिरत राहणारा पाच ठोक्यांचा ठेका. सोळा सूक्ष्म मात्रांचे एक आवर्तन धरा. तीन-दोन प्रकारच्या (पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन) क्लावेचे ठोके पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतात. आता बेसची नेहमीची चाल, जिला तुंबाओ म्हणतात, ती याच आवर्तनात चौथ्या, सातव्या, बाराव्या आणि पंधराव्या मात्रेवर येते. म्हणजे पहिल्या अर्ध्यात क्लावेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याशी बेसची गाठ पडते, आणि दुसऱ्या अर्ध्यात एकाही ठोक्याशी पडत नाही. शिवाय पंधराव्या मात्रेवरचा स्वर बहुधा पुढच्या आवर्तनातल्या स्वरसंघाचा (कॉर्डचा) असतो आणि तो पहिल्या मात्रेवरून तसाच ओढून नेला जातो. समेच्या आधी येऊन पोहोचणे आपल्या कानाला नवीन नाही, पण आपल्याकडे तबला ती सम दाखवून देतो. इथे जमीन धरून ठेवणारे वाद्यच समेवर नवा आघात देत नाही, आणि नाचणाऱ्याचा पाय ती रिकामी जागा भरतो.

बोना हे सगळे चोख वाजवतात, पण त्यांचा हात क्यूबन बेसवादकाचा नाही. साल्सात, म्हणजे क्यूबन ठेक्यांवर उभ्या राहिलेल्या नृत्यसंगीतात, डबल बेस किंवा तशाच घुमणाऱ्या उभ्या विद्युत बेसचा जाड, गोल स्वर रूढ आहे. बोना इलेक्ट्रिक बेस वाजवतात आणि दोन मुख्य स्वरांच्या मधल्या जागेत तार दाबून काढलेले, नादहीन, नुसते टकटकणारे आघात पेरतात. ते लहानपणापासून बालाफोन वाजवत आले. भोपळ्यांवर बांधलेल्या लाकडी पट्ट्यांच्या या वाद्यात स्वर आणि ताल वेगळे काढता येत नाहीत, आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत मला तीच सवय ऐकू येते. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या तबकडीने त्यांना बेसकडे वळवले ही गोष्ट सर्वश्रुत आहे, परंतु जॅकोंची नक्कल करणारे शेकडो वादक आहेत आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांकडे हा तालवाद्याचा हात आहे. आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : साचा क्यूबन आहे, हे खरे. पण त्या साच्यातल्या रिकाम्या जागा आफ्रिकन हाताने भरल्या आहेत.

संशयात्मा
वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर आहे, तरीही मूळ शंका मला पूर्णपणे फेटाळावीशी वाटत नाही. वाद्यवृंदाच्या नावातच मांडे लोकांच्या, म्हणजे जुन्या माली साम्राज्याच्या वारशावर दावा सांगितला आहे. बोना मध्य आफ्रिकेतले, मांडे लोक पश्चिम आफ्रिकेतले. ‘जुनी तबकडी’ यांनी सांगितलेला कोंगो आणि काराबाली धागा त्यांच्या कितीतरी जवळचा असताना दूरच्या साम्राज्याचे नाव घेणे मला दिखाऊ वाटते. दुसरे म्हणजे हा अल्बम अमेरिकन संगीत निर्माते क्विन्सी जोन्स यांच्या लेबलवर आला आणि त्याला साजेशी सफाई त्यात आहे. एकही कडा खडबडीत राहू दिलेली नाही. क्यूबन बेसवादक काचाओ यांनी १९५७ मध्ये हवानात ध्वनिमुद्रित केलेल्या देस्कार्गा, म्हणजे उत्स्फूर्त जुगलबंद्या, ऐका. तिथे वादक एकमेकांना चकवत असतात आणि पुढच्या क्षणी काय होणार हे त्यांनाही ठाऊक नसते. ‘हेरिटेज’मध्ये असा धोका कुणी पत्करलेला मला दिसला नाही. वादन थोर आहे याबद्दल मात्र दुमत नाही.

मंद्रसप्तक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मात्रांचा हिशेब हातावर मोजत पुन्हा ऐकले आणि पंधराव्या मात्रेवरचा तो ओढलेला स्वर आता स्पष्ट सापडतो. एकच विनंती आहे : तुलनेसाठी काय आणि कोणत्या क्रमाने ऐकावे?

खर्जवाला
अल्बममधल्या ‘बिलोंगो’पासून सुरुवात करावी. ती गिलेर्मो रॉड्रिगेझ फिफे यांची जुनी क्यूबन रचना आहे आणि ‘ला नेग्रा तोमासा’ या नावानेही ती असंख्य जणांनी गायली आहे, त्यामुळे एखादे क्यूबन ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून फक्त बेस ताडून पाहता येतो. त्यानंतर ‘तिकी’ या २००५ च्या अल्बममधले ‘ओ सेन सेन सेन’ ऐका. तिथे क्यूबन चौकट नाही, म्हणून बोना यांचा स्वतःचा ठेका उघडा दिसतो. मग ‘हेरिटेज’कडे परत येऊन ‘सांता क्लारा कोन मोंतुनो’ लावा. ‘संशयात्मा’ यांना जो धोका हवा आहे तो मुद्रित अल्बमपेक्षा याच वाद्यवृंदाच्या मैफलींच्या चित्रफितींत सापडण्याची शक्यता अधिक आहे, असे माझे मत आहे. हेडफोन अवश्य वापरावेत, कारण मोबाइलच्या स्पीकरवर ते दबके आघात अजिबात ऐकू येत नाहीत.