जाहिरातींच्या स्क्रीनशॉटला ब्रँडऐवजी कामाचे टॅग
आवडलेल्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट जमवताना प्रत्येक ब्रँडची वेगळी नोटबुक करा असं काहीजण म्हणतात, पण मला ते पटत नाही, कारण शोधताना आपल्याला ब्रँड नको असतो, हेडलाइन कशी सुरू केली, ऑफर कशी मांडली हे हवं असतं. म्हणून एव्हरनोट या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमधे एकच नोटबुक ठेवा आणि टॅग कामाचे द्या, हेडलाइन, ऑफर, सणासुदीची जाहिरात असे. अमूलची होर्डिंग्ज १९६६ पासून चालूयत आणि चालू घडामोडींवर असतात, ती 'ताजी बातमी' टॅगखाली टाका. मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत (फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती शोधायची साइट) आपल्याकडच्या साध्या, म्हणजे राजकीय वगैरे नसलेल्या, जाहिराती चालू असेपर्यंतच दिसतात, तेव्हा लिंकवर अजिबात विसंबू नका, स्क्रीनशॉट लगेच घ्या. आणि खाली एक ओळ लिहाच, ही का आवडली, हे सगळ्यात महत्त्वाचं!